आण्णा आणि मागची शेड

'शेड' म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय येतं? एक तर एमआयडीसीतला पत्र्याचा कारखाना, नाहीतर कोंबड्यांची शेड. अमेरिकेतली शेड हे तिसरंच प्रकरण आहे. घराच्या मागच्या हिरवळीच्या कोपऱ्यात खेळण्यातल्या घरासारखी एक लाकडी खोली. तिच्यात गवत कापायचं मशीन, बर्फाची फावडी, हवा गेलेल्या सायकली आणि 'कधीतरी लागेल' या सदरात मोडणाऱ्या यच्चयावत वस्तू. थोडक्यात काय, तर आपला माळाच, फक्त जमिनीवर आणून ठेवलेला.

आमचं घर ओहायोत, कोलंबसच्या एका उपनगरात. २०१२ साली घेतलं तेव्हा शेड घराबरोबरच आली. आधीच्या मालकाने ती कधीतरी स्वतः बांधलेली. खालचे वासे थेट मातीवर टेकवलेले, त्यामुळे ओल शोषून शोषून जमीन मऊ पडलेली. एका कोपऱ्यात पाय टाकला की पाव दाबल्यासारखं वाटायचं. छप्पर गळत होतं. खाली एका ग्राउंडहॉगने बिऱ्हाड थाटलं होतं. (आपल्या घुशीचा हा खाऊनपिऊन सुखी असलेला चुलतभाऊ.) आम्ही सॉफ्टवेअरवाले जुन्या कोडबद्दल नेहमी एक वाद घालतो, डागडुजी करायची की पाडून नवीन लिहायचं? इथे वादाला जागाच नव्हती. पायाच सडला असेल तर डागडुजी कशाची करणार?

तीन पर्याय होते. तयार शेड ट्रकवरून आणून ठेवायची, कंत्राटदाराला सांगायचं, किंवा आपण बांधायची. कंत्राटदाराने नुसत्या मजुरीचे साडेतीन हजार डॉलर सांगितले. मी म्हटलं, आपणच बांधू. बायको म्हणाली, "बांध, पण आण्णा यायच्या आत."

ते काही जमलं नाही. २०२४ च्या मे महिन्यात आण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि बायको असं का म्हणाली ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. आम्ही गावचे सुतार, बारा बलुतेदारांतले एक. आजोबांनी आणि आण्णांनी आयुष्यभर नांगर, कुळव, पाभरी केल्या, बाभळीच्या लाकडाची बैलगाडीची चाकं केली. चाकावर धाव बसवायला लोहार, बाकी सगळं आमच्याकडे. या कामाचे पैसे मिळायचे नाहीत. सुगी झाली की ज्याच्या त्याच्या खळ्यावर जाऊन, औतामागे ठरलेलं धान्य आणायचं. लहानपणी पोतं घेऊन मी आण्णांबरोबर दोन-तीनदा गेलोय. धान्य हक्काचं, वर्षभराच्या कामाचं. पण मालकाची मर्जी होईपर्यंत खळ्याच्या कडेला उभं राहावं लागायचं, आणि देणारा असा द्यायचा की जणू दानधर्मच करतोय. आण्णा मान खाली घालून पोत्याचं तोंड धरायचे. ती मान मला अजून दिसते.

पुढे ट्रॅक्टर आले, लोखंडी औतं आली, बैलगाड्या गेल्या. आण्णा विट्याला एका मिस्त्रीकडे चौकटी आणि दारं करायला लागले. पण घरातला एक नियम बदलला नाही. मी हत्याराला हात लावायचा नाही. सातवीत असताना एकदा पडवीत चोरून रंधा मारत होतो. आण्णा आले. मला वाटलं आता पाठीत धपाटा. तसं काही झालं नाही. त्यांनी रंधा हातातून काढून घेतला, पुसला, जागेवर ठेवला आणि म्हणाले, "ह्ये तुझं न्हाई." बस्स. मी इंजिनियर झालो त्यात अभ्यासाचा वाटा किती आणि त्या तीन शब्दांचा किती, हे मला आजतागायत सांगता येत नाही.

तर आता कळलं असेल. आण्णांच्या देखत करवत हातात घ्यायची म्हणजे काय ते!

मी आपला दबकतच विषय काढला. म्हटलं, आण्णा, शेड पाडायची आहे. त्यांनी विचारलं, "सुतार किती मागतोय?" मी आकडा सांगितला. त्यांनी मनात गुणाकार केला असावा, कारण बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून मागे गेले आणि हात पाठीमागे बांधून शेडभोवती फिरले. पाडायला सुरुवात झाली तेव्हा खुर्ची टाकून बसले.

जुनं बांधकाम उलगडताना आण्णा ते वाचत होते. दुसरा शब्द नाही मला सुचत. एक फळी हातात घेऊन म्हणाले, "डावखुरा हुता ह्यो माणूस." कशावरून? खिळे कुठल्या बाजूला कलले आणि हातोडी कुठे निसटली, त्यावरून. पुढे म्हणाले, "शिकल्याला न्हवता. पन चोरी न्हाई केल्याली. जितं दोन खिळं पुरलं असतं तितं चार मारल्यात." बारा वर्षं त्या शेडमध्ये ये-जा करून आधीच्या मालकाबद्दल मला जेवढं कळलं नव्हतं, तेवढं त्यांना अर्ध्या तासात कळलं.

खालची लाकडं जरा हिरवट होती. आण्णांनी ती वेगळी रचायला घेतली, जळणाला म्हणून. मी थांबवलं. जुन्या काळी इथे उघड्यावरचं लाकूड किडू नये म्हणून त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं द्रावण दाबाखाली मुरवत असत. घरगुती कामाच्या लाकडासाठी ते वापरणं २००३ च्या अखेरीस बंद झालं, पण त्याआधीची लाकडं अजून जागोजागी आहेत. जाळली तर धुरात आणि राखेत आर्सेनिक येतं. आता आण्णांना आर्सेनिक कसं सांगायचं? मग आठवलं. म्हटलं, "आण्णा, ह्यात सोमल आहे." त्यांनी चटकन हात पुसले. "लाकडाला सोमल पाजत्यात व्हय रं?" ती सगळी लाकडं कचरा डेपोत गेली. ग्राउंडहॉग स्वखुशीने शेजारच्या आवारात स्थलांतरित झाला.

मग पाया. इथे २०० चौरस फुटांच्या आतल्या शेडला बांधकामाचा परवाना लागत नाही, पण कुंपणापासून किती अंतर सोडायचं वगैरे नियम गावोगावचे असतात, ते बघावे लागतात. खणण्याआधी ८११ नंबरला फोन करायचा. मग माणसं येऊन जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठून जातात ते रंगाने आखून देतात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, नारिंगी फोन आणि केबल, हिरवा सांडपाणी. सगळं फुकट. आण्णांना हा प्रकार फार आवडला. "आमच्याकडं आदी खनत्यात, मग नळ फुटला की रंग कळतो," असं त्यांचं मत पडलं.

शेड १० बाय १२ फुटांची. खडीचा ओटा सगळीकडून एकेक फूट जास्त, म्हणजे १२ बाय १४, आणि ४ इंच जाड. हिशोब केला तर ५६ घनफूट, म्हणजे साधारण ३ टन खडी. खडी कशासाठी, तर पाणी खाली निघून जावं आणि लाकूड ओलीवर बसू नये. जुन्या शेडचं जे झालं ते परत होऊ नये. ट्रकने खडी गॅरेजसमोर ओतली आणि मी एकचाकी गाडीने मागे वाहायला लागलो.

आण्णांनी एक खडा उचलून हातात फिरवला. म्हणाले, "मशीनवरची हाय. भात्तरला आमी हातानं फोडायचो." बहात्तरच्या दुष्काळात खटाव-माणात पीकच नव्हतं, तर बलुतं कुठून येणार? आण्णा तेव्हा बावीस वर्षांचे. ते आणि आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. बलुतेदाराला शेतकऱ्याच्या आधी दुष्काळ लागतो, कारण त्याच्याकडे विकायला जमीनही नसते. सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. "तुज्या अमेरिकेचं मी तुज्या आदी खाल्लंय," आण्णा म्हणाले, आणि स्वतःच हसले. मी गाडी ओढत राहिलो. तीन टन खडी, दोन शनिवार. माझी पाठ आठवडाभर दुखली, आणि ऑफिसात त्याचं कौतुक झालं.

त्या कौतुकाबद्दल पुढे बोलूच.

काटकोन साधताना मी लेसर काढला. आण्णा म्हणाले, दोरी हाय का? त्यांनी कोपऱ्यात खुंटी ठोकली, एकीकडे तीन हात, दुसरीकडे चार हात, आणि तिरकस पाच हात. झाला गुण्या. पायथागोरस त्यांना माहीत नाही. बौधायनाच्या शुल्बसूत्रातही हेच गणित आहे आणि शुल्ब म्हणजे दोरीच, हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "आसल. मला माज्या बापानं शिकिवलं." मग कर्ण मोजले. १० बाय १२ चा कर्ण १५ फूट साडेसात इंचांना अर्धं सूत कमी येतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या जातीचं नावच मुळात सूत्रधार या शब्दावरून आलेलं, दोरी धरणारा तो सुतार. मला हे पुस्तकातून कळलं होतं. दोरीचं दुसरं टोक हातात धरायची वेळ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आली.

सांगाडा उभा करताना खरी गंमत झाली. इथे 'दोन बाय चार' म्हणून जे लाकूड मिळतं ते मोजलं तर दीड बाय साडेतीन इंच भरतं. ओलं कापून, वाळवून, रंधून तेवढंच उरतं, आणि प्रमाण मापही आता तेच आहे. आण्णा म्हणाले, "मापात पाप!" मग मी खांब १६-१६ इंचांवर उभे करायला लागलो. का १६? कारण प्लायवूडचा तक्ता ४ बाय ८ फुटांचा, म्हणजे ४८ बाय ९६ इंच, आणि दोन्ही आकड्यांना १६ ने पूर्ण भाग जातो. तक्त्याची कड बरोबर खांबावर येते, कापाकापी नाही. सगळं एकमेकांना जुळणारं, अगदी आमच्या धंद्यातल्या इंटरफेससारखं.

आण्णा बराच वेळ बघत होते. शेवटी राहवलं नाही. "नुस्तं खिळं? कुसू न्हाई, खाच न्हाई, काईच न्हाई?"

मी समजावलं. १८३० च्या दशकात शिकागोच्या बाजूला ही पद्धत रुजली. त्याआधी इथेही जाड तुळया, खाचा आणि कुसवं असंच काम चालायचं. त्याला मुरलेला सुतार लागायचा आणि तसे सुतार नव्या मुलखात मिळत नव्हते. तेवढ्यात गिरण्यांत एकसारखी कापलेली बारीक लाकडं आणि यंत्रावरचे स्वस्त खिळे मिळू लागले. मग चार साधी माणसं, हातोडी आणि करवत घेऊन घर उभं करू लागली. पुढे पद्धतीत सुधारणा झाल्या, पण अमेरिकेतली बहुतेक घरं आजही मुळात त्याच युक्तीवर उभी आहेत. मी शेड बांधू शकतोय तोही त्याच जोरावर.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला. "म्हंजी सुतार नगं म्हनून काडल्याली युक्ती."

वास्तुशास्त्राच्या इतिहासाचं इतकं नेमकं सार मी अजून कुठे वाचलेलं नाही.

आता कौतुकाबद्दल. भिंती उभ्या राहिल्यावर शेजारीपाजारी यायला लागले. "स्वतःच्या हातांनी केलंस? कमाल आहे!" ऑफिसात फोटो फिरले. मॅनेजरने मीटिंगमध्ये उल्लेख केला. इथल्या मराठी मंडळींत एक वाक्य ठरलेलं असतं: अमेरिकेत श्रमाला प्रतिष्ठा आहे, आपल्याकडे नाही. मीही ते बऱ्याच वेळा म्हटलेलं आहे. पण त्या उन्हाळ्यात आण्णांशेजारी उभं राहून ते म्हणवेना.

कारण दोन वर्षांपूर्वी याच शेजाऱ्याच्या घराचं छप्पर बदललं होतं. सात-आठ जणांची टोळी, बहुतेक मध्य अमेरिकेतून आलेले. जुलैचं ऊन. सकाळी सातला चढले, जुनं काढलं, नवं बसवलं आणि संध्याकाळी खालचा खिळा न् खिळा चुंबकाने गोळा करून निघून गेले. माझ्या शेडच्या दहापट काम, आणि दहापट सफाईदार. त्यांचा फोटो कोणी काढला नाही. "कमाल आहे" असंही कोणी म्हटलं नाही. मीसुद्धा खिडकीतून बघून पडदा ओढून घेतला होता, कॉल चालू होता म्हणून.

म्हणजे प्रतिष्ठा श्रमाला नाहीये हो. प्रतिष्ठा आहे ती गरज नसताना केलेल्या श्रमाला. पोटासाठी करवत धरली तर तो सुतार, इथे काय आणि खटावात काय. हौस म्हणून धरली तर "अरे वा!" इथे मजुरी बरी मिळते, खळ्यावर उभं राहावं लागत नाही, हे मान्य. तो फरक लहान नाही. पण दुसरा फरक, तो मला वाटत होता तेवढा मोठा नाही.

आणि मग साहजिकच पुढचा प्रश्न डोक्यात आला. ज्या कामापासून आण्णांनी मला हट्टाने लांब ठेवलं, त्याचा मी विकेंडचा छंद करून टाकला. त्यांना काय वाटत असेल? एका रात्री जेवताना विचारलंच. आण्णा भाकरी मोडत म्हणाले, "तुला उद्या काम न्हाई केलं तरी भाकरी हाय. म्हनून हात हलका चालतोय तुजा. आमाला लाकडाकडं बगायला येळ न्हवता." थोड्या वेळाने, "बरं वाटतंय आता बगायला." आणखी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, दार मी करतो.

आम्ही होम डेपोत जाऊन एक पटाशी, एक रंधा आणि सीडरच्या फळ्या आणल्या. फळ्या निवडायला आण्णांना तास लागला. एकेक उचलायची, एक डोळा मिटून कडेवरून बघायची, वास घ्यायचा, परत ठेवायची. शेवटी दुकानातला माणूस येऊन शेजारी उभा राहिला आणि त्यांनी बाजूला काढलेल्या फळ्या बघून मान डोलावू लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. गरजही पडली नाही.

दार पाच फुटांचं, दोन फळ्यांचं. डावी फळी आण्णांनी केली. चुलत्यांनी शिकवल्याप्रमाणे, खाच पाडून, कुसू बसवून, खिळा न मारता. चौऱ्याहत्तरावं वर्ष, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे दोन तास काम आणि मग चहा. मी घरून काम करताना खिडकीतून ठक ठक ऐकू यायचं. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, हा आवाज कसला? मी म्हटलं, माझे वडील काम करताहेत. हे वाक्य मी शाळेत असताना कधी इतकं मोठ्याने म्हटलं नव्हतं.

शनिवारी मी मागे गेलो. डावी फळी तयार होऊन भिंतीला टेकवलेली. आण्णांनी पटाशी माझ्यापुढे धरली. "उजवी तू कर."

मी धरली. त्यांनी माझं मनगट धरून जरा वळवलं. "दाबू नगंस. धारंला जाऊ दे." दिवसभरात जेमतेम दोन खाचा झाल्या. पुरा उजवा भाग व्हायला मला चार आठवडे लागले. आण्णा खुर्चीत बसून होते, बोलत फारसे नव्हते, फक्त मधूनच "हां" म्हणत. दोन फळ्यांच्या मध्ये त्यांनी एक सूत जागा ठेवायला लावली. लाकूड दमट हवेत फुगतं, त्याला जागा पाहिजे म्हणून.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आण्णांनी शेडच्या दारात पाट मांडला. पटाशी, रंधा, हातोडी, टेप, दोरी, आणि माझी विजेची करवतही. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुजा लॅपटॉप आन. त्येच्यावरच तर घर चालतंय." तोही ठेवला. लेकीने फोटो काढला. करवतीवरचं कुंकू मी अजून पुसलेलं नाही.

नोव्हेंबरात आण्णा परत गेले. खर्चाचं म्हणाल तर सामानाला कंत्राटदाराच्या मजुरीएवढेच पैसे गेले, आणि वेळेचा हिशोब कृपया विचारू नका. दर रविवारच्या फोनवर आण्णा आधी नातीची चौकशी करतात आणि लगेच दाराची. गेल्या जूनमध्ये हवा दमट झाली तशी डावी फळी, म्हणजे त्यांची, वरच्या कोपऱ्यात चौकटीला जरा घासायला लागली. व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"रंधा हाय न्हवं तितं?"

आहे म्हटलं.

"मग मार की. अर्धं सूत. जास्त न्हाई."